कंपाउंडच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवणारा पक्षी कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याबाहेर डोंगराच्या पायथ्याला घर. मागच्या बाजूला दगडी कंपाउंड, त्याला लागून वांगी-मेथीचे दोन वाफे, एक शेवगा, एक कढीपत्ता. दिवाळीपासून चिमणीएवढा एक पक्षी रोज सकाळी भिंतीवर येऊन बसतो. अंग मातकट, पोटाशी तांबूस झाक, शेपटी विटकरी. बसला की अंग खाली-वर करतो आणि शेपटी थरथरवतो. तांदूळ टाकले, बाजरी टाकली, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, तो आजारी आहे, थंडीनं कापतोय, पकडून औषधपाणी करावं. मुलीने फोटो ॲपमध्ये टाकला तर तीन नावं आली: थिरथिरा, चीरक आणि गप्पीदास. फोटो लांबून मोबाइलवर काढलेला, धूसर, त्यात शेपटीचं टोक कापलेलं. तेव्हा हा कोण, त्याला काही झालंय का, आणि पुढच्या वेळी आम्हाला स्वतःला कसं ओळखता येईल, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देऊन टाकतो. ही थिरथिऱ्याची मादी आहे आणि ती ठणठणीत आहे. पकडू नका. तिला औषध नको, तांदूळही नकोत.

ही खात्री मला तुमच्या फोटोवरून झालेली नाही. त्या फोटोत एक तपकिरी ठिपका आहे, त्यावरून कुणीच छातीठोक काही सांगू नये. खात्री झाली ती तुमच्या वाक्यांवरून. दिवाळीपासून येतो, एकटा येतो, भिंतीवर बसतो, शेपटी थरथरवतो, दाणे खात नाही, हे सगळं तुम्ही फोटोबरोबर सहज लिहून गेलात आणि त्यातच पक्षी ओळखला गेला. प्रश्न तुम्ही फोटोबद्दल विचारलात, पण तुमची खरी अडचण पद्धतीची आहे. रंग बघायचा आणि तशा रंगाचं चित्र शोधत बसायचं, या रस्त्याने मोर ओळखता येतो, खंड्या ओळखता येतो. लहान, मातकट पक्ष्यांच्या बाबतीत हा रस्ता हमखास दुसरीकडे नेतो, कारण आपल्याकडे मातकट मादी असलेले पक्षी डझनावारी आहेत आणि उन्हाच्या कलाप्रमाणे त्यांचा रंगही बदललेला दिसतो. सकाळच्या पिवळ्या उन्हात जे पोट केशरी वाटतं, तेच ढगाळ दुपारी राखाडी दिसतं.

म्हणून मी रंगाकडे शेवटी वळतो. आधी तारीख, मग जागा, मग पक्षी काय करतोय ते, मग चोच, आणि त्यानंतर रंग. तुमच्या पक्ष्याबाबत हे कसं घडलं ते सविस्तर सांगतो.

तारखेपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित खूण आहे. जो पक्षी पावसाळाभर दिसला नाही आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अचानक रोज दिसायला लागला, तो हिवाळी पाहुणा असण्याची शक्यता खूप मोठी. थिरथिरा हिमालयाच्या उंच भागात, लडाखात, तिबेटात आणि मध्य आशियातल्या डोंगरांत वीण करतो. तिथे दगडांच्या कपारीत किंवा दगडी भिंतीच्या भोकात घरटं असतं. थंडी पडू लागली की तो खाली उतरतो आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर महाराष्ट्रात येऊन पोचतो. मार्च-एप्रिलपर्यंत राहतो आणि परत जातो. सुमारे १५ ते १८ ग्रॅम वजनाचा जीव दरवर्षी ही ये-जा करतो. तुमच्या भिंतीवरची मादी नेमकी कुठल्या खोऱ्यातून आली हे पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असल्याशिवाय सांगता येत नाही, पण ती साताऱ्यात जन्मलेली नाही हे नक्की.

याउलट चीरक आणि दयाळ हे आपले बारमाही रहिवासी. ते तुमच्या परसात असते तर जूनमध्येही दिसले असते. अर्थात इथे एक अट आहे. वसाहत नवीन आहे असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही तिथे राहायलाच दिवाळीत आला असाल, तर "आधी नव्हता" या म्हणण्याला काही वजन राहत नाही. मग तारखेचा पुरावा सोडून द्यायचा आणि बाकीच्यावर भिस्त ठेवायची.

आता जागा. उघडी जमीन, दगड, भिंत, नांगरलेलं रान, गच्चीचा कठडा, मुरमाड उतार ही थिरथिऱ्याची आवडती ठिकाणं. देशावर, म्हणजे सातारा, पुणे, नगर, सोलापूर या बाजूला, हिवाळ्यात दगडी कंपाउंड आणि त्याशेजारी खुरपलेला वाफा दिसला की मी तिथे थिरथिरा आहे का ते बघतोच. हाच प्रश्न दाट झाडीच्या कोकणी परसातून आला असता, माडा-पोफळीखालच्या ओल्या पाचोळ्यात पक्षी दिसला असता, तर माझ्या मनात आधी दुसरी नावं आली असती. नारिंगी डोक्याचा कस्तुर, जो चोचीने पानं उलटीपालटी करत गांडुळं शोधतो, तो त्यात पहिला. पक्षी कुठला हे अर्धंअधिक जागेवरून ठरतं ते असं.

मग वागणूक. इथे जरा जास्त थांबतो, कारण तुमचा पक्षी इथेच पक्का होतो. उद्या सकाळी खिडकीतून शांतपणे बघा. ती भिंतीच्या एखाद्या ठरावीक दगडावर येऊन बसेल. बसल्याबरोबर गुडघ्यात लवल्यासारखं अंग एक-दोनदा खाली-वर होईल आणि लगेच शेपटी थरथरेल. ही थरथर फार बारीक आणि वेगवान असते. शेपटी मोठ्या झोक्याने हलत नाही, पिसं नुसती कंप पावतात, क्षणभर थांबतात, पुन्हा कंप पावतात. मग मान तिरकी करून ती खाली जमिनीकडे बघेल. वाफ्यात काही हललं की सरळ खाली उतरेल, मुंगी, अळी किंवा कोळी उचलेल आणि परत भिंतीवर. कधी त्याच दगडावर, कधी हातभर पलीकडे. बसली की पुन्हा शेपटी. ती उडत असताना मागून बघा. शेपटी जरा पसरते आणि विटकरी रंग एकदम उठून दिसतो, बसली की तो बराचसा मिटून जातो. शेपटीची मधली दोन पिसं गडद तपकिरी असतात, त्यामुळे मिटलेली शेपटी वरून बघताना लाल कमी आणि तपकिरी जास्त वाटते. कुणी "शेपटी तपकिरी आहे" म्हणतो आणि कुणी "लाल आहे" म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दोघांचंही खरं असतं.

आता ही सवय बाकीच्या दोन नावांशी ताडून बघू.

चीरक हा तुमच्या भागातला अगदी नेहमीचा पक्षी आणि घोटाळाही बहुतेक त्याच्याशीच होतो. आकार जवळजवळ तेवढाच, मादी तशीच मातकट, तोही भिंतीवर आणि जमिनीवर वावरणारा, तोही किडे खाणारा. फरक शेपटीत. चीरक शेपटी पाठीवर उभी करून ठेवतो, अगदी सरळ वर, आणि तशीच घेऊन टुणटुण उड्या मारत फिरतो. थरथरवत नाही. शिवाय त्याची शेपटी स्वतः काळसर असते. लाल रंग असतो तो शेपटीच्या मुळाखाली, लालबुड्या बुलबुलाला जिथे लाल डाग असतो तिथे. शेपटी उभी असल्यामुळे तो तांबूस भाग मागून स्पष्ट दिसतो आणि बघणारा घरी येऊन "लाल शेपटीचा पक्षी" असं सांगतो. म्हणून मी लोकांना नेहमी विचारतो: लाल शेपटी होती, की शेपटीखाली लाल होतं? या एका प्रश्नावर निम्मे वाद मिटतात. तुम्ही "शेपटी विटकरी" असं लिहिलंय आणि उडताना जास्त दिसते असंही लिहिलंय. चीरक उडताना शेपटी काळी दिसते. आणखी एक गोष्ट म्हणजे चीरकाची बहुतेक वेळा जोडी असते. मातकट मादी दिसली की जवळपास काळा नर, खांद्यावर पांढरा डाग असलेला, सापडतोच. थिरथिरा हिवाळ्यात एकटा राहतो. तो आपला तुकडा धरून बसतो आणि दुसरा थिरथिरा आला तर हुसकावून लावतो.

गप्पीदासाचं नाव ॲपने का दिलं असावं तेही समजण्यासारखं आहे. काळ्या-पांढऱ्या गप्पीदासाची मादी मातकट असते आणि तिच्या पाठीचा शेवटचा भाग, शेपटीच्या जरा वरचा, तांबूस असतो. धूसर फोटोत तो तांबूस पट्टा आणि शेपटी एकमेकांत मिसळून जातात. पण तिची शेपटी गडद असते, आणि गप्पीदास हे उघड्या माळाचे, शेताच्या बांधाचे पक्षी आहेत. ते ज्वारीच्या ताटावर, झुडपाच्या शेंड्यावर, कुंपणाच्या तारेवर दिमाखात बसतात. घराच्या इतक्या जवळ, वाफ्याला चिकटून रोज येणं त्यांच्या स्वभावात कमी बसतं. अशक्य म्हणणार नाही. तुमच्या कंपाउंडपलीकडे लगेच मोकळं रान असेल तर एखादा गप्पीदास भिंतीवर येऊन बसेलही. पण त्याची शेपटी अशी कंपणार नाही.

या तिघांखेरीज दोन-तीन नावं मी मनात तपासून बाजूला ठेवली, तीही सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. लाल छातीचा माशीमार हाही हिवाळी पाहुणा, बागेत येणारा, शेपटी उडवणारा. पण तो चिमणीपेक्षा लहान, झाडाच्या फांद्यांत राहणारा, आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके असतात. शंकर, म्हणजे निळ्या गळ्याचा, त्याच्याही शेपटीच्या मुळाशी विटकरी रंग असतो, पण तो ओलसर लव्हाळ्यात, पाटाच्या कडेला सापडतो, भिंतीवर बसून राहत नाही. तांबूस शेपटीचा चंडोल मुरमाड जमिनीवर चालत फिरतो, चोच जाड, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. आणि दयाळाची मादी, जिचं नाव अशा वेळी घरातली मोठी माणसं हटकून घेतात, ती राखाडी-पांढरी असते, पंखावर ठळक पांढरा पट्टा असतो आणि आकाराने बुलबुलाएवढी असते.

चोचीचा पुरावा तुम्हीच दिला आहे, फक्त तो पुरावा आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही. तांदूळ आणि बाजरी खाल्ली नाही. चिमणी, मुनिया, सुगरण यांच्या चोची दाणा फोडण्यासाठी जाड, शंकूसारख्या असतात. थिरथिऱ्याची चोच बारीक आणि टोकदार, किडा टिपण्यासाठी. दाणे टाकून दोन दिवस वाट बघितलीत आणि पक्षी शेजारी अळ्या उचलत राहिला, म्हणजे तो कोणत्या गटातला नाही हे तुम्ही स्वतःच शोधून काढलंत.

रंगाचं आता फार राहिलं नाही. मादी करडी-तपकिरी, डोळ्याभोवती फिकट कडं, त्यामुळे डोळा मोठा आणि मऊ दिसतो. पोटाच्या खालच्या भागात फिकट केशरी झाक, पाठीचा शेवट आणि शेपटीच्या बाजू विटकरी. पंखावर पांढरं काहीही नाही. नर अगदी वेगळा: डोकं, गळा, छाती, पाठ काळी आणि पोट गडद केशरी. मात्र ऑक्टोबरात आलेला नर पुस्तकातल्या चित्रासारखा काळाभोर दिसत नाही. नव्या पिसांच्या कडा राखाडी असतात, त्यामुळे तो धुळीने माखल्यासारखा दिसतो. हिवाळाभर त्या कडा झिजत जातात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी पिसं न येताच, खालचा काळा रंग उघडा पडतो. पुढच्या काही आठवड्यांत असा धुरकट काळा-केशरी पक्षी शेजारच्या प्लॉटवर दिसला, तर तो याच जातीचा नर समजा.

आता सासूबाईंच्या काळजीबद्दल. त्यांनी पक्ष्याकडे इतकं लक्ष दिलं याचं मला फार बरं वाटलं. शेपटी थरथरणं ही या पक्ष्याची रोजची सवय आहे. भर दुपारी, कडक उन्हातही तो ती थरथरवतो. त्याचा थंडीशी संबंध नाही. लडाखची थंडी ओळखीची असलेल्या पक्ष्याला साताऱ्याचा नोव्हेंबर काय करणार? आजारी पक्षी वेगळा दिसतो. तो अंग फुगवून गोळा होऊन बसतो, डोळे अर्धवट मिटलेले असतात, पंख खाली लोंबतात आणि आपण जवळ गेलो तरी उडत नाही. तुमची मादी टक लावून जमिनीकडे बघते, झेप घेऊन किडा पकडते आणि तुमचं दार उघडलं की शेवग्यावर जाते. ही धडधाकट पक्ष्याची लक्षणं. पकडण्याच्या नादात मात्र ती घाबरून जखमी होईल, आणि रानपक्षी पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पक्षी खरंच जखमी सापडला, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वन विभागाला कळवायचं. तोंडात पाणी ओतायचं नाही.

तिच्यासाठी काही करावंसं वाटत असेल तर दोन-तीन गोष्टी आहेत. वाफ्यावर कीटकनाशक फवारू नका, निदान ती आहे तोवर. तुम्ही ज्या अळ्या मारणार त्याच तिचं जेवण आहेत, आणि विषारी अळी खाऊन तिलाही त्रास होईल. कढीपत्त्याखालचा पाचोळा रोज झाडून जाळू नका. एक पसरट मातीचं भांडं, बोटभर पाणी, मधे एक दगड, असं भिंतीजवळ पण मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवा आणि रोज घासून पाणी बदला. त्या पाण्यावर ती येईल की नाही सांगता येत नाही, पण बुलबुल, शिंपी, चष्मेवाला नक्की येतील, आणि तुमची ओळखपरेड आपोआप वाढेल.

पुढच्या वेळी स्वतः कसं ओळखायचं, हा प्रश्न मला तुमच्या तिन्ही प्रश्नांत सर्वांत मोलाचा वाटतो.

पहिलं काम म्हणजे नवीन काही शोधण्याआधी नेहमीचे पक्षी त्यांच्या सगळ्या वेशांत ओळखायला शिकणं. बागेत आलेला "अनोळखी" पक्षी पुष्कळदा ओळखीच्या पक्ष्याची मादी किंवा पिल्लू असतं. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत कोकिळेचे फोटो फार असतात. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, लांब शेपटी, लाल डोळा, आणि खाली लिहिलेलं असतं, "आमच्या आंब्यावर ससाणा आलाय." काळा, कुहूकुहू करणारा नर सगळ्यांना माहीत, ठिपक्यांची मादी फारशी कुणी नीट पाहिलेली नसते. शिक्रा असेल तर चोच आकडीसारखी वळलेली आणि पायाला नख्या, कोकिळेची चोच साधी, फिकट हिरवट. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामानंतर मादीसारखा फिकट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. लोक त्याला तिसराच पक्षी समजतात. दयाळाच्या पिलाच्या छातीवर तांबूस ठिपक्यांची नक्षी असते, ती मोठेपणी जाते. एवढे वेश पाठ झाले की खरा पाहुणा चटकन वेगळा पडतो.

दुसरं, आकार सेंटिमीटरमध्ये मोजू नका, ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून बघा. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, कबूतर ३३, कावळा ४० च्या पुढे. "बुलबुलापेक्षा लहान, चिमणीपेक्षा सडपातळ" एवढं सांगता आलं तरी पुष्कळ झालं. एकटा, दूर तारेवर बसलेला पक्षी नेहमी मोठा वाटतो, तेव्हा जवळ दुसरा ओळखीचा पक्षी येईपर्यंत आकारावर विसंबू नका.

तिसरं, पुस्तक किंवा ॲप उघडण्याआधी चार ओळी लिहून काढा. यावर मी फार आग्रही आहे. चित्र एकदा बघितलं की आठवण त्या चित्राच्या बाजूला झुकते आणि पंखावर नसलेला पट्टाही आपल्याला "होता वाटतं" असा आठवू लागतो. कुठे बसला होता, चालत होता की उड्या मारत होता, शेपटीचं काय करत होता, काय खाल्लं, एकटा होता की थव्यात, आवाज कसा होता, हे मराठीत, जसं सुचेल तसं लिहा. शेपटीवर विशेष लक्ष ठेवा. धोबी ती सतत वर-खाली आपटतो, चीरक उभी धरतो, नाचण पंख्यासारखी उघडून नाचतो, थिरथिरा कंपवतो. रंग दिसला नाही तरी एवढ्यावर हे चौघे वेगळे होतात.

तारीख आणि महिना वहीत राहू द्या. दोन-तीन वर्षांत तुमच्या परसाचं स्वतःचं पंचांग तयार होईल. आमच्याकडे पावसाळा सरता सरता करडा धोबी येतो, मग थिरथिरा. पळस-पांगारा-काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे त्यांवर उतरतात. मेअखेर-जूनच्या सुमारास सह्याद्रीच्या बाजूला नवरंग येतो आणि पहाटे त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, त्याच दिवसांत चातक येतो. सातारा जिल्ह्यापुरतं हे ताडून बघायचं असेल, तर ई-बर्ड या संकेतस्थळावर जिल्हा निवडून आठवड्यागणिक नोंदींचा तक्ता पाहता येतो. तिथे थिरथिऱ्याची पट्टी हिवाळ्यात भरलेली आणि पावसाळ्यात रिकामी दिसेल, चीरकाची वर्षभर सलग दिसेल.

ॲपबद्दल मुलीला सांगा की तिने चूक काही केली नाही. मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मोफत ॲप चांगलं आहे, मी स्वतः वापरतो. पण ते समोर ठेवलेल्या फोटोइतकंच बघू शकतं. शेपटी कापलेल्या फोटोत थरथर दिसत नाही, मागचा विटकरी रंग दिसत नाही, मग तीन नावं येणारच. फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर त्याची स्पष्टता कमी होते आणि ठिकाण-तारखेची माहितीही गळून पडते, म्हणून ती हाताने बरोबर भरायची. आणि ॲपने नाव दिलं की पुढचा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा: हा पक्षी या महिन्यात, या जागी, असा वागतो का? तिन्हींना होकार मिळाला तरच नाव वहीत लिहायचं. नाहीतर "थिरथिरा?" असं प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवायला काहीच हरकत नाही. अनुभवी लोकांच्या वह्यांतही अशी प्रश्नचिन्हं पुष्कळ असतात.

या पक्ष्यासाठी तर फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या. खिडकीच्या आतून, मोबाइल चौकटीला टेकवून, तिच्या नेहमीच्या दगडावर रोखून ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करून बाजूला व्हा. ती येईल, लवेल, शेपटी थरथरवेल, खाली उतरेल. उडतानाची एखादी चौकट थांबवून बघितली की शेपटीच्या बाजू विटकरी आणि मधली पिसं गडद, हे स्पष्ट दिसेल. दुर्बीण घ्यायचा विचार असेल तर ८×४२ ची साधी दुर्बीण घरासाठी आणि डोंगरासाठी दोन्हीकडे चालते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून तिला जवळ बोलावू नका. तिला वाटेल दुसरा थिरथिरा घुसलाय, आणि खाण्याचा वेळ ती त्याला शोधण्यात घालवेल.

माझं उत्तर तपासण्याचे दोन मार्ग तुमच्या हातात आहेत. एक हा व्हिडिओ. दुसरा कॅलेंडर: ती मार्च-एप्रिलमध्ये दिसेनाशी झाली तर थिरथिराच. पण मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, तोच मातकट पक्षी त्याच भिंतीवर बसलेला दिसला आणि सोबत काळा नर असेल, तर ते चीरकाचं जोडपं. तसं झालं तर मला जरूर कळवा, आणि शेवटची दिसल्याची तारीख आठवणीने लिहून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरात त्याच दगडावर थिरथिरा आला का, तेही. तीच मादी परत आली असं आपल्याला म्हणता येणार नाही, पण मी पाहिलेल्या कित्येक परसांत वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात थिरथिरा येतो. तुमच्याकडे ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह शाळेत साजरा होत असेल, तर मुलीने हीच नोंद तिथे वाचून दाखवावी.